रोजा सांभाळून बीदर : एका दिवसाच्या सहलीचा हिशेब

लातूर किंवा नांदेडहून सकाळी निघायचे, शेजारच्या राज्यातले एक जुने राजधानीचे शहर पाहायचे आणि रात्री घरी परतायचे, तर बीदर सोयीचे. लातूरहून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, नांदेडहून दीडशेच्या पुढे. उदगीर मागे पडले की पाट्यांवर कन्नड अक्षरे दिसू लागतात, एवढीच काय ती सीमा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तीही नव्हती. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हे तालुके मुंबई राज्यात आले, बीदर म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र दोन्हीकडे राहिल्या.

रमजान आला की अशा सहली पुढे ढकलल्या जातात. कार्यालयातले सहकारी रविवारचा बेत आखतात आणि रोजेदार म्हणतो, 'तुम्ही जाऊन या, मी ईदनंतर येईन.' त्याला वाटते, आपल्यामुळे बाकीच्यांच्या खाण्यापिण्याची पंचाईत नको. बाकीच्यांना वाटते, उपाशी माणसासमोर जेवायचे कसे? दोन्ही बाजूंचा संकोच चांगुलपणाचा असतो, पण सोबत तेवढी राहून जाते. थोडा हिशेब नीट केला तर ती राहायचे कारण नाही.

पहिला हिशेब धर्माचा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १८४ व १८५) आजारी आणि प्रवासी यांना रोजा सोडून नंतर तितकेच दिवस भरून काढण्याची मुभा आहे. अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नव्हे, असा त्यामागचा आशय तिथेच सांगितला आहे. आपल्या भागात बहुतेक मुस्लिम हनफी मताचे. त्या मतानुसार ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर किंवा अधिक लांब जाणारा 'मुसाफिर' ठरतो. गावाची हद्द ओलांडली की चार रकातची फर्ज नमाज त्याच्यासाठी दोन रकात होते. बीदर या अंतरात बसते.

यात एक बारकावा आहे आणि एका दिवसाच्या सहलीत नेमका तोच महत्त्वाचा ठरतो. पहाटेची सुबह सादिक घरीच झाली असेल, तर नंतर प्रवासाला निघायचे आहे म्हणून त्या दिवशीचा रोजा सोडता येत नाही. सहेरी करून, फज्रची नमाज पढून निघणाऱ्याने रोजा ठेवायचा. ज्याला मुभा घ्यायची आहे त्याने त्याआधीच गावाबाहेर पडलेले असावे. शंका असल्यास आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

दुसरा हिशेब घड्याळाचा. मशिदीतून मिळणारे सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक त्या-त्या गावाचे असते. रेखांशाच्या एका अंशाला सूर्याचा चार मिनिटांचा फरक पडतो. बीदर लातूरच्या पूर्वेला जवळपास एक अंश आहे, म्हणून तिथे सूर्य सुमारे चार मिनिटे आधी मावळतो. नांदेड आणि बीदरमध्ये हा फरक एका मिनिटाच्या आतला. लातूर आणि हैदराबादमध्ये सात-आठ मिनिटांचा. युरोपात व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा या दोन देशांच्या राजधान्या रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहेत. लोक सकाळी एका देशातून निघून संध्याकाळी परततात. दोन्हीकडे घड्याळ एकच, सूर्यास्तात मात्र तिथेही सुमारे तीन मिनिटांचा फरक.

नियम सोपा आहे : इफ्तारच्या वेळी माणूस जिथे असेल तिथला सूर्यास्त धरायचा. लातूरची वेळ धरून बीदरमध्ये रोजा सोडला तर चार मिनिटे उशीर होतो, बिघडत काही नाही. पण संध्याकाळपर्यंत लातूरला परतलेल्याने मोबाइलमधली बीदरची वेळ पाहून खजूर तोंडात टाकला, तर सूर्य मावळण्याआधीच रोजा सुटतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. म्हणून मोबाइलमधले गाव बदलले आहे ना, हे तपासावे.

आता दिवसाची आखणी. उन्हाआधी, सकाळच्या वेळात किल्ला आणि १४७२ मध्ये बांधलेला महमूद गवानचा मदरसा पाहून घ्यावा. किल्ल्यातल्या रंगीन महालात लाकडी कोरीवकाम आणि शिंपल्यांची जडावाची कलाकुसर आहे. दुपारी गुरुद्वारा नानक झिरा साहिब. गुरू नानकांमुळे इथे गोड्या पाण्याचा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. पंच प्याऱ्यांपैकी भाई साहिब सिंग बीदरचेच, त्यामुळे नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले भाविक इकडेही येतात. लंगरमध्ये कोणाला धर्म विचारत नाहीत. बाकीची मंडळी तिथे जेवतील, तेवढ्या वेळात रोजेदाराने जवळच्या मशिदीत जुहर पढून पाठ टेकावी. कोणाला आडोशाला जाऊन खायला नको.

ऊन उतरल्यावर शहराच्या पूर्वेला अष्टूरच्या बहमनी कबरी पाहाव्यात. सुलतान अहमदशहा वली याच्या घुमटातली रंगकामे अजून शाबूत आहेत. त्याचा उरूस हिंदू तिथीनुसार भरतो आणि लिंगायत भाविकही येतात.

परतीची घाई करू नये. मार्चमध्ये तिथे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. इफ्तार घरीच करायचा म्हणून गाडी दामटण्यापेक्षा बीदरमध्येच रोजा सोडून, मगरिब पढून निघावे. वाटेत वेळ झालीच तर खजूर आणि पाणी गाडीत असावे, गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटे थांबावे. स्टिअरिंग शक्यतो रोजा नसलेल्याच्या हाती द्यावे.

पैगंबरसाहेबांसोबत रमजानमध्ये प्रवास करणाऱ्या सोबत्यांपैकी काहींचा रोजा असे, काहींचा नसे. रोजेदाराने दुसऱ्याला नावे ठेवली नाहीत, दुसऱ्याने रोजेदाराला नाहीत, असे हदीसमध्ये नोंदले आहे. एका गाडीतून बीदरला निघालेल्या वेगवेगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांनीही तेवढे पाळले, तर बेत ईदपर्यंत अडवून ठेवायची गरज नाही.