पाण्यातून आलेलं पाखरू

पावसाळ्यातली रात्र. अमावास्या दोन दिवसांवर आलेली, पाऊस नुकताच उघडलेला, वारा अगदी पडलेला. अशा रात्री आम्ही अंगणात दोन खांबांना दोरी बांधली, तिच्यावर आजींचं जुनं पांढरं लुगडं पसरलं आणि समोर एक झगझगीत दिवा लावला. आम्ही म्हणजे मी, माझी चौथीतली भाची आणि त्या घरच्या आजी. गाव गोंदिया जिल्ह्यातलं, नवेगाव बांधच्या तलावाजवळचं.

हा तलाव जुना आहे बरं का! कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकात बांधला, असं सांगतात. भोवतीचं जंगल 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. हिवाळ्यात लोक इथे दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात. पण रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी कोण येतं? आम्ही आलो होतो. जंगलात रात्री परवानगीशिवाय जायचं नसतं, म्हणून गावातच दिवा लावला. पतंगांना कुठे ठाऊक असतं, उद्यानाची हद्द कुठे संपते ते!

पहिल्या दहा मिनिटांतच लुगड्यावर गर्दी झाली. भाचीने विचारलं, "यांना दिवा इतका का आवडतो?"

गंमत अशी, की तो त्यांना आवडतच नाही. 2024 मध्ये एक संशोधन छापून आलं. शास्त्रज्ञांनी दिव्याजवळच्या किड्यांचं अतिवेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केलं होतं. त्यात दिसलं, की किडे दिव्याकडे तोंड करून धावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात! का? रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ असतं. उजेडाकडे पाठ ठेवली की पोट आपोआप जमिनीकडे राहतं आणि उडताना तोल जात नाही. दिवे नव्हते तोवर ही युक्ती छान चालली. आता पाखरू दिव्याजवळून जाताना त्याच्याकडे पाठ करायला कलतं, कललं की वळतं, आणि वळता वळता तिथेच अडकतं. दिव्याच्या वर गेलं तर उलटंच होतं आणि धपकन खाली पडतं. म्हणून आम्ही ठरवलं होतं, तास-दीड तासच दिवा ठेवायचा.

आता ओळख पटवायची कशी? भाची आधी रंग बघत होती. रंग फसवतो. पतंगाचे पंख बारीक खवल्यांनी झाकलेले असतात. तुमच्या बोटाला लागते ती पूड म्हणजे तेच खवले. पाखरू म्हातारं झालं, की ते झिजतात आणि रंग उडतो. मी तिला म्हटलं, आधी बसणं बघ. कुणी पंख छपरासारखे उतरते ठेवतं, कुणी जमिनीला टेकवून सपाट पसरतं, कुणी अंगाभोवती गुंडाळतं. मग मिशा बघ. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगांच्या मिशा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या असतात.

तेवढ्यात एक भलं मोठं काहीतरी फडफडत आलं आणि भाची माझ्यामागे लपली. आजी मात्र हसल्या. "अगं, कोसा हाय तो!" टसर रेशमाचा पतंग! तळहातापेक्षा मोठा, चारही पंखांवर एकेक डोळा, आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी काचेसारखी पारदर्शक खिडकी. मिशा रुंद, पिसासारख्या, म्हणजे हा नर. त्या मिशांनी तो मादीचा वास दुरून हुंगतो. त्याची अळी ऐन आणि अर्जुनाची पानं खाऊन मोठी होते आणि देठ असलेला कोष फांदीला फळासारखा टांगते. मोठा झालेला पतंग मात्र काहीच खात नाही. अळीपणी जे साठवलं, त्यावरच त्याचे थोडे दिवस निघतात.

कोसा पतंगाकडे सगळे बघत राहिले, पण माझं लक्ष लुगड्याच्या खालच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे नखाएवढी, फिकट पाखरं बसली होती. भाचीला ती सगळी एकच वाटली. मी भिंग दिलं.

"हिच्या प्रत्येक पुढच्या पंखावर एकच काळा ठिपका आहे. आणि ही पिवळी आहे."

बरोबर. ती धानाच्या खोडकिड्याची मादी. अंडी घातल्यावर ती त्यांच्यावर आपल्याच अंगावरचे केस पसरते, जणू गोधडी.

"हिच्या पंखांवर वळणावळणाच्या रेषा आहेत."

ती पानं गुंडाळणाऱ्या अळीची आई.

"आणि ही पांढरी? तपकिरी-काळ्या ठिपक्यांची?"

आजी वाकून बघू लागल्या. "हे त आमच्या बांधीतलं! सुरळीवालं." बांधी म्हणजे धानाचं शेत.

आणि खरोखर, त्या रात्री आलेल्या सगळ्यांत मला हेच सर्वांत नवलाचं वाटतं. या पाखराची अळी पाण्यात राहते. ती पानाचं टोक कुरतडते, त्याची रेशमाने सुरळी करते आणि आत शिरते. सुरळीत पाणी भरलेलं असतं, कारण अळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना धाग्यांसारखे कल्ले असतात, माशासारखे! दिवसा ही होडी पाण्यावर तरंगते. रात्री अळी सुरळीसकट धानावर चढते आणि पान खरवडून खाते. मागे पांढरे पट्टे राहतात. शेतकरी त्यावरून तिला ओळखतात. मग ते पिकावरून दोर ओढतात, सुरळ्या पाण्यात पडतात आणि त्या गोळा करता येतात. बांधीतलं पाणी सोडून दिलं, तर होडी चिखलात रुतून बसते.

आजींना पाखराचं शास्त्रीय नाव माहीत नव्हतं, पण त्याचं घर माहीत होतं. पतंग ओळखताना मला तेच फार उपयोगी पडतं. अळी काय खाते, कुठे राहते, हे कळलं की निम्मं कोडं सुटतं.

साडेनऊला दिवा मालवला. भाचीने वहीत तारीख आणि गाव लिहिलं, तीन ठिपकेदार चित्रं काढली. एकाखाली तिने नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. तेही चालतं.

सकाळी ती आजींबरोबर बांधीवर गेली आणि पेल्यात पाणी घेऊन आली. पाण्यावर गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, हिरवी सुरळी तरंगत होती. आम्ही पेला ओट्यावर ठेवला आणि मुळीच हललो नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सुरळीच्या टोकातून एक इवलंसं डोकं बाहेर आलं आणि होडी पेल्याच्या काठाकडे निघाली.