पद्मिनीची राहून गेलेली अश्वशक्ती

1946 च्या सप्टेंबरात, महायुद्ध संपून जेमतेम वर्ष होत असताना, इटलीतल्या तूरिन शहराच्या व्हॅलेंतिनो बागेत मोटारींची शर्यत झाली. त्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी या नावाजलेल्या चालकाचं स्टिअरिंग व्हील चालत्या गाडीत निखळून हातात आलं. शर्यत जिंकली ती पिएरो दुसिओने. दोघंही चिसितालिया डी 46 ही इवलीशी एका माणसाची गाडी चालवत होते. दुसिओच्याच कंपनीने काढलेल्या आणि फियाटच्या दान्ते जाकोसाने आखलेल्या या गाडीत इंजिन मात्र साध्या घरगुती फियाट 1100 चं होतं. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, 1089 सीसी.

ज्यांच्या घरी आजही प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्यांना हे आकडे पाठ असतील. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली आणि पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. तिच्या बॉनेटखाली याच घराण्याचं, याच मापाचं इंजिन होतं. मुंबईची काळी-पिवळी त्यावर चालली, ती थेट ऑक्टोबर 2023 पर्यंत.

आता याच 1089 सीसीतून कोणी किती ताकद काढली ते पाहा. 1937 च्या फियाट 508 सी मध्ये 32 अश्वशक्ती. 1953 च्या 1100 मध्ये 36. त्याच वर्षी आलेल्या 1100 टीव्ही या चपळ आवृत्तीत 50. चिसितालियाच्या शर्यतीच्या गाडीत साठच्या आसपास. आपल्या पद्मिनीला मिळाली सुमारे चाळीस. म्हणजे इंजिन मोठं न करता, दुसरं न बसवता, दहा अश्वशक्ती वाढवण्याची वाट फियाटच्याच इंजिनिअरांनी सत्तर वर्षांपूर्वी आखून ठेवली आहे. ती वाट तीन गोष्टींची: इंजिनाने श्वास मोकळा घ्यावा, घेतलेलं मिश्रण जास्त दाबावं, आणि ठिणगी नेमक्या वेळी पडावी. कमी पैशांत गाडी जोरकस करायची तर चकचकीत सुटे भाग आणून जोडण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या लेथवाल्याकडे खर्च करावेत, असं माझं ठाम मत आहे.

त्याही आधी, असलेल्या चाळीसपैकी किती उरली आहे ते मोजायला हवं. बहुतेक जुन्या गाड्या कमजोर असतात त्या आखणीमुळे नव्हे, झिजेमुळे. कॉम्प्रेशन गेज ही स्वस्त वस्तू आहे. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टर फिरवून एकेक सिलिंडर मोजा. सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढचं सगळं थांबवा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या आहेत. नाही आला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर हेड गॅस्केट पाहा. अर्ध्या तासाची ही तपासणी न करता कोणी तुम्हाला मोठा कार्बोरेटर विकत असेल, तर घेऊ नका.

काही ताकद तर फुकट मिळते. एक जण गाडीत बसून पेडल तळापर्यंत दाबतो आणि दुसरा बॉनेट उघडून पाहतो: कार्बोरेटरची चकती पूर्ण उघडते का? जुन्या गाड्यांत लिंकेज झिजून ती अनेकदा पाऊणच उघडते. चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा; ब्रेकचे लायनर ड्रमला घासत असतील तर इंजिनाची कमाई तिथेच जळते आहे. पद्मिनीचं वजन नऊशे किलोंच्या घरात आहे. टपावरचा लोखंडी कॅरियर, डिकीत वर्षानुवर्षं साठलेलं सामान, दोन-दोन जॅक असं मिळून पन्नास किलो उतरले, तर उचल घेताना दोन अश्वशक्ती वाढल्याइतका फरक पडतो.

इंजिन खोलायची वेळ आली, तर खरं काम हेडमध्ये आहे. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे हत्याराला मऊ. मिश्रण आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची भोकं, मॅनिफोल्डची तोंडं आणि मधल्या गॅस्केटची भोकं ही कारखान्यातून सहसा एकमेकांशी तंतोतंत जुळलेली नसतात. कुठे दीड मिलिमीटरची पायरी असते, कुठे ओतकामाचा उंचवटा. वाहत्या हवेला अशी पायरी फार नडते. गॅस्केट खूण म्हणून ठेवून दोन्ही बाजू हळूहळू घासून सारख्या करणं, हे चिकाटीचं काम आहे आणि त्यात खर्च जवळजवळ फक्त वेळेचा. आतला मार्ग रुंद करण्याच्या मोहात मात्र पडू नये. भोक मोठं झालं की हवेचा वेग उतरतो आणि खालच्या फेऱ्यांवरची ओढ जाते. पायरी काढायची आणि वळणावर हात फिरवायचा, एवढंच. आरशासारखी चकाकीही नको. त्याने काही मिळत नाही.

व्हॉल्व्हच्या सीटवर तीन कोनांत कट मारून घेणं हा दुसरा उत्तम सौदा. बसण्याची पट्टी अरुंद आणि नेमकी होते, तिच्या वर-खाली हवेला उतार मिळतो. सीट बदलायच्याच असतील तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या घ्या. 2000 पासून आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं, आणि जुन्या सीटांना झिजेपासून सांभाळणारं तेच शिसं होतं.

हेड बाहेर आहेच, तर ते प्लेन करताना थोडं जास्त कापून कॉम्प्रेशन वाढवता येतं. इथे हिशोब हवा. 68 गुणिले 75 च्या एका सिलिंडरचं घनफळ सुमारे 272 सीसी. कॉम्प्रेशन साडेसातास एक असेल तर वरच्या पोकळीत 42 सीसी जागा असते. साडेआठास एक हवं असेल तर ती 36 सीसी उरायला हवी. म्हणजे फक्त सहा सीसी कमी करायची. किती कापायचं हे अंदाजाने ठरवू नका. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, काचेच्या पट्टीने झाका आणि सिरिंजने पातळ ऑइल सोडून पोकळी मोजा. चारही सारख्या करा. या वाढीतून पुस्तकी हिशोबाने चारेक टक्के ताकद मिळते. ऐकायला थोडी, पण ती प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक वेगाला मिळते आणि पेट्रोलही वाचवते. जास्त कापलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतात आणि हेड पुन्हा कधी प्लेन करता येत नाही. प्लास्टिसिन पिस्टनवर लावून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून ते अंतर तपासून घ्या.

बोअर वाढवण्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर 1089 चे साधारण 1122 सीसी होतात. वाढ तीन टक्के. बोअर झिजलं असेल तर ते करावंच, पण केवळ ताकदीसाठी धडधाकट ब्लॉक कापू नये. त्या कामात एक गोष्ट जरूर करा: चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड बारीक काट्यावर तोलून, सर्वात हलक्याच्या वजनाला बाकीचे आणा. इंजिन गुळगुळीत फिरतं आणि वरच्या फेऱ्यांना घाबरत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरीत किंवा पुण्या-मुंबईच्या जुन्या मशिन शॉपमध्ये हे काम समजणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्याशी घासाघीस करू नका.

कॅमशाफ्टबाबत माझा सल्ला सरळ नकाराचा आहे. शर्यतीचा कॅम ताकद वरच्या फेऱ्यांत नेतो. बोरघाटात मागे तिघं बसलेले असताना तुम्हाला हवी असते ती दोन-अडीच हजार फेऱ्यांवरची ओढ. ती गमावून सहा हजारांवर मिळालेली अश्वशक्ती कागदावरच शोभते. दोन कार्बोरेटरांचंही तेच: बसवणं सोपं, एकमेकांशी जुळवून ठेवणं आयुष्यभराचं काम. सायलेन्सरची गोष्ट वेगळी. गंजलेला, चेमटलेला पाइप बदलून थोडा रुंद आणि कमी वळणांचा घेतला तर फायदा नक्की होतो. मोठ्या आवाजाचा ताकदीशी संबंध नाही.

ठिणगी आणि पेट्रोल या दोन गोष्टींना एकत्रच पाहावं लागतं, कारण पंपावरचं पेट्रोल बदललं आहे. वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई 20 चा ऑक्टेन 95 असतो, म्हणून वाढवलेलं कॉम्प्रेशन आज नॉकिंगशिवाय झेपतं. जुन्या काळच्या पेट्रोलवर ते झेपलं नसतं. पण साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, तर ई 20 ला साधारण साडेतेराच. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, गाडी झटके देते, गरम होते आणि मालक इंजिनाला दोष देतो. मुख्य जेट एक-दोन आकड्यांनी वाढवा, प्लगचा रंग पाहत राहा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. यात काटकसर म्हणजे आगीला निमंत्रण. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलत असेल तर पॉइंट कितीही वेळा सेट करा, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वेगळ्या वेळी पडेल. आधी बुश बदला, मग टायमिंग लावा.

सुधारणा मोजायला डायनो, म्हणजे ताकद मोजण्याचं यंत्र, लागत नाही. एक सपाट, मोकळा रस्ता निवडा, तिसऱ्या गिअरमध्ये 30 ते 60 किलोमीटर वेगाला किती सेकंद लागतात ते शेजारच्याला मोजायला सांगा, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधी रेडिएटर साफ करून घ्या आणि ब्रेकचं काम पुरं करा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उतारावर ते तापून ढिले पडतात. ब्रेकला न झेपणारी ताकद वाढवू नये.

दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, आणि आरटीओच्या मंजुरीविना तो बदलणं बेकायदा आहे. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून 20 हजार रुपये भरून नोंदणी होते, पण त्यासाठी इंजिन, चासी आणि बॉडी मूळ रूपात असावी लागते. सुरुवातीच्या डिलाइट आता त्या वयाच्या झाल्या आहेत. आपल्या गाडीची अशी नोंदणी करायचा विचार असेल, तर हेड कापण्याआधीच आरटीओत नीट विचारून घ्या. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, मॅनिफोल्ड असो की जुना जेट, तेल लावून, नाव लिहून जपून ठेवा. ते भाग आता सहज मिळत नाहीत.