माकडाचा अंगठा, माणसाची मांडी

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या ‘सिलेक’ या युद्धकलेत एक शैली थेट वाघाची आहे. लढणारा जमिनीलगत दबा धरून सरकतो, प्रसंगी हातही टेकवतो. गुरुत्वमध्य खाली आणि आधाराचा पाया रुंद, त्यामुळे निसरड्या जागीही तोल सहसा जात नाही.

आपल्याकडे गुरूचा मान वाघाऐवजी माकडाला मिळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांना सप्तशृंगी गडावर खुद्द मारुतीने मल्लखांब शिकवला, असे सांगतात. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभ आहे, तेव्हा देवधरांकडे पुनरुज्जीवनाचे श्रेय जाते. तेही थोडे नाही. वऱ्हाडात ही विद्या रुजवणाऱ्यांत अमरावतीच्या वैद्य बंधूंचे नाव मोठे. त्यांनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके केली.

पण माणसाला माकडासारखे चढता येतच नाही! माकडाच्या पायाचा अंगठा बोटांसमोर येतो, त्यामुळे त्याला फांदी पायानेही मुठीत धरता येते. आपला अंगठा मात्र चालण्याच्या सोयीसाठी बोटांच्या रांगेत जाऊन बसला. मल्लखांबाने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे अढी: खांब दोन मांड्यांत आवळायचा आणि हात मोकळे सोडायचे. सगळा भार मांडीच्या आतल्या स्नायूंवर.

हिशेब करून पाहा. मुलाचे वजन ५० किलो आणि त्वचा-लाकूड यांचा घर्षणगुणक ०.५ धरला, तर निव्वळ घर्षणावर टिकायला प्रत्येक मांडीने ५० किलो वजनाइतका दाब द्यावा लागेल. गुणक निम्म्यावर आला की दाब दुप्पट. तरीही सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल लावतात, कारण कोरड्या लाकडावर घसरताना कातडी सोलवटते. रिसिनोलिक आम्लामुळे हे तेल इतर खाद्यतेलांपेक्षा कितीतरी दाट असते, चटकन ओघळत नाही. फार गुळगुळीत झाले तर राळेची पूड आहेच.

दोरीच्या मल्लखांबात मात्र पायाचा अंगठा पुन्हा कामाला लागतो. दोरी अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरली जाते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. विज्ञानाच्या शिक्षकांनी घर्षणाचा धडा घेताना फळ्याशी अडून न राहता वर्ग एकदा जवळच्या आखाड्यात न्यावा.