अर्जासोबत कुठलं लिखाण पाठवावं?

आमच्या एक श्रोत्या मावशी परवा केंद्रावर आल्या. त्यांची भाची अमेरिकेत कायदा शिकते आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क होण्यासाठी अर्ज करते आहे. अर्जासोबत लिखाणाचा नमुना मागतात. भाचीकडे तीन-चार आहेत, पाठवायचा कुठला? आज त्याबद्दलच बोलू या.

आधी 'क्लार्क' या शब्दाने फसू नका. हे फायली लावण्याचं काम नव्हे. तिथले लॉ क्लार्क बहुधा एक-दोन वर्षं न्यायाधीशांबरोबर असतात. कायदा शोधायचा, सुनावणीआधी खटल्याचं टिपण काढायचं, निकालाचा कच्चा मसुदा करायचा. काम लिहिण्याचं, म्हणून लिहिलेलं बघतात.

मग निवड कशी करायची? पहिली गोष्ट, त्यात कायद्याचा एखादा प्रश्न सोडवलेला हवा. विरुद्ध बाजूचं म्हणणंही तपासलेलं हवं. संशोधन टिपण किंवा न्यायालयासाठीचा लेखी युक्तिवाद चालतो. साधारण दहा ते पंधरा पानं पुरतात. न्यायाधीशांनी मर्यादा सांगितली असेल तर तीच पाळायची. लिखाण मोठं असेल तर सलग एक भाग घ्यावा. वर एक पान जोडून प्रकरण काय आणि हा भाग कुठला, ते थोडक्यात सांगावं.

दुसरी गोष्ट, लिखाण स्वतःचं हवं. छापून आलेला लेख दिसायला भारी, पण त्यावर संपादकांचा हात फिरलेला असतो. कुणी दुरुस्त्या केल्या असतील तर तेही त्या पहिल्या पानावर सांगावं.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. भाचीचं सर्वांत चांगलं लिखाण होतं मारहाणीपासून संरक्षण मागणाऱ्या एका बाईसाठी, महाविद्यालयाच्या कायदा मदत केंद्रात केलेलं. आता त्या बाईने आपलं दुःख विश्वासाने सांगितलेलं. नुसतं नाव खोडून भागत नाही. गाव, मुलांची वयं, नोकरीची जागा यांवरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून केंद्राच्या वकिलांची परवानगी घ्यायची, ओळख पटेल ते सगळं झाकायचं आणि तसं केल्याचं पहिल्या पानावर नोंदवायचं. परवानगी नसेल तर ते लिखाण बाजूला ठेवायचं. जी अशिलाचं गुपित सांभाळत नाही, तिच्या हाती न जाहीर झालेला निकाल कोण देईल?

शेवटी, दिलेले निवाडे अजून लागू आहेत का ते पुन्हा तपासावं, आणि सगळं एकदा मोठ्याने वाचावं. जीभ अडखळली की वाक्य सुधारावं.

भाचीला परवानगी मिळाली नाही. तिने वर्गात लिहिलेलं साधं टिपण पुन्हा नीट तपासून पाठवलं. मावशी म्हणाल्या, "नोकरी मिळो न मिळो, पोरगी शहाणी निघाली." आम्हालाही तसंच वाटतं.