फूटपाथवरचं घर : निकालात काय मिळालं, काय नाही?

ओल्गा टेलिस खटला कायद्याच्या वर्गात मोठा विजय म्हणून शिकवला जातो. पण फूटपाथवर राहणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून काय आलं, हे आज आपण पाहू.

जुलै १९८१. ऐन पावसाळा. मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने मुंबईतल्या फूटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरवलं. पोलीस आणि पालिकेची माणसं आली, झोपड्या पाडल्या गेल्या. प्रकरण न्यायालयात गेलं.

आता बघा, ही माणसं फूटपाथवर का राहत होती? कारण काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. लांब राहायला गेलं तर भाड्यातच मजुरी संपणार. म्हणजे झोपडी पाडली की रोजगारही जातो. हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे मांडला गेला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला : घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो.

इथवर जिंकलो असं वाटतं. पण पुढे वाचा. फूटपाथ अडवण्याचा हक्क कुणालाच नाही, असंही न्यायालय म्हणालं. १८८८ च्या पालिका कायद्यातलं कलम ३१४ नोटिशीशिवाय अतिक्रमण काढायची मुभा देतं. ते वैध ठरलं. एवढंच की सर्वसाधारणपणे आधी म्हणणं ऐकून घ्यावं. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असं सांगितलं, पण ती दिल्याशिवाय हटवू नका, अशी अट मात्र घातली नाही. पावसाळ्यापुरती, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली.

म्हणजे हक्क सगळ्यांचा, पण जागा मिळायची तर नोंद हवी. ज्यांची नोंदच नाही, त्यांचं काय? म्हणूनच त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा परिसरात फूटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली. पुढे तिथल्याच बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. बचत, नोंदी, घराचा आराखडा, सगळं बायकांनी हाती घेतलं.

आजही मुंबईत पुनर्वसनाचा प्रश्न आला की पहिली विचारणा होते ती पुराव्याची : अमुक तारखेआधी तुम्ही इथे होतात का? ती तारीख १ जानेवारी १९९५ वरून २००० वर आली. नंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना पैसे भरून घर, अशी सोय झाली. तारीख सरकली, पण कागद दाखवायची सक्ती तशीच राहिली. आणि झोपडी पाडली जाते, तेव्हा कागदही बहुतेक त्याच ढिगाऱ्यात असतो.