अतिक्रमवीक्षण, पश्च-प्रक्षेपण दूरचित्रवाणीतील

दूरचित्रवाणीचे चित्र पडद्याच्या चौकटीहून मोठे उमटून त्याच्या कडा झाकल्या जाण्याला अतिक्रमवीक्षण म्हणतात. व्यवहारात ‘ओव्हरस्कॅन’ हा शब्द रूढ आहे. पश्च-प्रक्षेपण संचात चित्र पडद्याच्या मागील बाजूने टाकले जाते. यांच्या ऋण किरण नलिकायुक्त प्रकारात तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या तीन स्वतंत्र नलिकांवरील प्रतिमा भिंगे व आरसा यांच्या साहाय्याने पडद्यावर एकमेकींशी जुळवीत.

कारणे : चुंबकीय क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन शलाकेचे होणारे विक्षेपण प्रवेगक विद्युत् दाबाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. दृश्य उजळ झाले की शलाकेचा प्रवाह वाढतो, दाब किंचित उतरतो व चित्र फुगते. दाब २ टक्के उतरल्यास लांबी-रुंदी सुमारे १ टक्क्याने वाढते. घटक जुने झाल्यानेही चित्राचा आकार बदलतो. आकार घटून काळी कड दिसू नये म्हणून निर्माते थोडे अतिक्रमवीक्षण हेतुपुरस्सर ठेवीत.

परिणाम : प्रत्येक कडेला २·५ टक्के भाग झाकला गेल्यास चित्राचे सुमारे १० टक्के क्षेत्र जाते, ५ टक्के गेल्यास १९ टक्के जाते. जुन्या प्रथेनुसार कार्यक्रमांतील मजकूर उंची-रुंदीच्या मधल्या ८० टक्के भागात ठेवीत. त्यामुळे तो सुरक्षित राही. संगणकाच्या चित्रात मात्र अशी मोकळी जागा नसल्याने कडेच्या ओळी अदृश्य होत.

दुरुस्ती : संच सुमारे अर्धा तास चालू ठेवून स्थिर झाल्यावर, कडांवर टक्केवारीच्या खुणा असलेली चाचणी आकृती पडद्यावर आणतात. दुरुस्तीसाठी असलेल्या अंतर्गत सूचीतील मूळ मूल्ये प्रथम लिहून ठेवणे आवश्यक असते. नंतर चित्र मध्यावर आणून रुंदी व उंची क्रमाने कमी करतात व कडांचा बाक सरळ करतात. आकार बदलला की तिन्ही रंगांची जुळणी बिघडते. म्हणून हिरवी प्रतिमा आधारभूत मानून तांबडी व निळी तिच्याशी पुन्हा जुळवितात. वेगवेगळ्या क्रमवीक्षण कंप्रतांसाठी मूल्ये स्वतंत्र साठविलेली असल्यास हे काम प्रत्येकीसाठी करावे लागते.

अतिक्रमवीक्षण शून्यावर आणणे इष्ट नसते. प्रत्येक कडेला २ ते ३ टक्के भाग राखल्यास उजळ-अंधुक दृश्यांतील चढउतार झाकले जातात. शिवाय चित्र फार लहान केल्यास नलिकेतील अनुस्फुरक द्रव्याच्या लहान क्षेत्रावर भार एकवटून त्याची झीज वाढते. आकार बदलण्यासाठी प्रवेगक दाबात फेरफार करणे सर्वथा वर्ज्य होय. हा दाब सुमारे ३०,००० व्होल्ट असून तो वाढविल्यास क्ष-किरणांचे उत्सर्जन वाढू शकते. संच बंद केल्यावरही काही काळ विद्युत् भार टिकून राहतो. म्हणून आतील भागाला केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञानेच हात लावावा.

सूक्ष्म आरशांच्या किंवा द्रव स्फटिकांच्या पश्च-प्रक्षेपण संचांत चित्रबिंदू स्थिर असल्याने विक्षेपणाचा प्रश्न उरत नाही. त्यांतील कडा बहुधा चित्र इलेक्ट्रॉनीय रीत्या मोठे केल्यामुळे जातात. चित्रबिंदूस चित्रबिंदू जुळविणारा पर्याय निवडल्यास कडा परत मिळतात व चित्र अधिक रेखीव दिसते. मित्सुबिशी या अखेरच्या प्रमुख निर्मात्याने २०१२ मध्ये घरगुती पश्च-प्रक्षेपण संचांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. तथापि अतिक्रमवीक्षणाची सोय पुढील काळातील अनेक सपाट पडद्यांच्या संचांतही राहिली. तेथे तिचे मूळ कारण उरलेले नव्हते.