सुतारशाळेतील सरकत्या फळ्यांचे कपाट

सुताराचे काम सुतारशाळेत चालते, तसेच ते दुसऱ्याच्या घरीही चालते. चौकट बसवावयाची असो की छपराचा वासा बदलावयाचा असो, हत्यारे घेऊन त्याला तेथे जावेच लागते. पूर्वी रंधा, करवत, पटाशी, गिरमिट ही सारी एकाच लाकडी पेटीत असत आणि तळाची पटाशी काढण्यासाठी वरचे सर्व उपसावे लागे. पुढे विजेची हत्यारे आली आणि एकेका हत्याराची पेटी निराळी झाली. एकीवर एक रचून अडकवता येतील अशा पेट्या १९९३ साली जर्मनीत 'सिस्टेनर' या नावाने निघाल्या. तशाच पेट्या आता इतरही अनेक कारखाने करतात. प्रवासात ही रचना उत्तम होय. सुतारशाळेत मात्र जुनीच अडचण उभी राहते : तळाची पेटी हवी असल्यास वरच्या साऱ्या उतरावयास हव्यात. म्हणून प्रत्येक पेटीला स्वतंत्र सरकती फळी असलेले कपाट करतात.

असे कपाट दिसावयास सोपे, पण भंडारा जिल्ह्यात ते करणाऱ्यास हवेचा विचार आधी करावा लागतो. मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जूनमध्ये पाऊस लागला की तीच हवा दमट होते. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते. मात्र ते सर्व बाजूंनी सारखे फुगत नाही. तंतूंच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. आडव्या रुंदीत पडतो. सागवान त्यातल्या त्यात स्थिर. तरीही ३० सेंटिमीटर रुंद फळीतील ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत रुंदावू शकते. उन्हाळ्यात अलगद सरकणारी फळी श्रावणात गच्च बसते ती यामुळेच. मग दोष सुताराचा की पावसाचा, असा वाद घालण्यात अर्थ नसतो.

जाणता सुतार फळीचे तंतू डावीकडून उजवीकडे धरतो. मग फुगवटा मागेपुढे होतो, दोन्ही बाजूंना अडत नाही. त्यासाठी मागे थोडी जागा मोकळी सोडली की झाले. फळी ज्या पट्ट्यांवर सरकते, त्यांचे तंतू पुढून मागे जातात, तर कपाटाच्या बाजूचे तंतू उभे असतात. म्हणून पट्टीचा पुढचा स्क्रू घट्ट आवळावा आणि मागच्या स्क्रूचे भोक लांबट ठेवावे. तसे न केल्यास बाजूची फळी चिरते. पट्टीवर मेण घासले की फळी हलकी सरकते. प्लायवूडमध्ये थरांचे तंतू एकमेकांस आडवे असल्याने ही चिंता पुष्कळ कमी होते.

जड पेट्यांसाठी लोखंडी चॅनेल बरे. नेहमीच्या चॅनेलला प्रत्येक बाजूस सुमारे १३ मिलिमीटर जागा लागते. म्हणून फळी कपाटाच्या आतील रुंदीपेक्षा २६ मिलिमीटर कमी कापावी. दोन्ही चॅनेल समांतर नसतील, तर कितीही भारी माल वापरला तरी फळी मध्येच अडते.

चॅनेलवरची फळी पेटीसह पूर्ण बाहेर येते आणि तिचा भार कपाटाच्या पायापुढे जातो. सी-सॉच्या एका टोकाला मूल बसले की दुसरे टोक उचलले जाते. तसेच येथे कपाटाची मागची बाजू उचलली जाते. दोन फळ्या एकदम ओढल्या, तर भरलेले कपाट ओढणाऱ्याच्या अंगावर येते. यासाठी सर्वांत जड पेटी तळाच्या फळीवर ठेवतात आणि कपाटाचा वरचा भाग भिंतीला बोल्टने पक्का करतात.